भोजलीचं सुतक

मोहरी तडतडली, जिरं पडलं आणि बेल वाजली. कढई तशीच ठेवून मी दार उघडलं, तर पायरीखाली भैय्यालाल उभा. पांढरं धोतर, अंगावर पांढरा गमछा, दाढी वाढलेली, पाय अनवाणी, कमरेला एक लोखंडी सुरी खोचलेली. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी स्कूटर धुणारे आणि तलावावरून फिरून येणारे पेन्शनर, एवढेच लोक दिसतात. हा माणूस कोसमडीह गावाहून बसनं तसाच अनवाणी आला होता, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्याला मी गावच्या शाळेत पालकांच्या मीटिंगमध्ये पाहिलेलं, मागच्या रांगेत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडे बघत होता, वास घेत होता. मग म्हणाला, "फूलदाई, बघार झन दे. दाई ह गुजर गे." फोडणी देऊ नको, आई गेली. फूलदाई म्हणजे आईची मानलेली मैत्रीण, तीही आईच. मी म्हटलं, आत तर ये, बैस, पाणी पी. तो एक पाऊल मागे सरकला. "नइ फूलदाई, छुतका हे." छुतका म्हणजे सुतक, एवढं छत्तीसगढ़ी मला येतं; कमरेची सुरीही त्याचीच खूण. म्हटलं, अरे बाबू, तुला असेल, माझ्या घरी कोणी असलं काही मानत नाही, तू बिनधास्त ये. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "तोला घलो लगे हे." तुलाही लागलं आहे. मागे कढईत जिरं जळल्याचा वास सुटला.

दसगात्राच्या, म्हणजे दहाव्याच्या दिवशी तळ्यावर येऊन आईला पाणी द्यायचं, असं सांगून तो चालता झाला. चहा नाही, पाणी नाही. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. खरं सांगते, दुःख अजून आलंच नव्हतं. मला धक्का बसला होता तो त्या एका शब्दाचा. आम्ही गजभिये, भंडाऱ्याकडचे, बौद्ध. माझ्या आजीच्या पदरात दुकानदार मीठ वरून टाकायचा. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत माझ्या लहानपणी शेजारच्या काकू आमच्याकडून परत गेलेली वाटी उन्हात पालथी घालून ठेवायच्या आणि दुपारनंतर उचलायच्या. मी खिडकीतून ती वाटी बघत बसायची. आमच्यामुळे दुसऱ्याला विटाळ होतो हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे, त्यावर कुठेही, कोणाशीही भांडायला मी तयार असते. पण दुसऱ्याच्या घरातलं सुतक चालत येऊन मला लागतं, का, तर मी त्या घरातली आहे, असं आजपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. भांडायचं की रडायचं, तेही कळेना.

मी सरकारी शाळांची संकुल समन्वयक आहे. म्हणजे स्कूटीवर बसून खेड्यांतल्या शाळा बघत फिरायचं आणि कोणाचं काम अडलं की शिव्या खायच्या. वरून आदेश आला, की शनिवारी मुलांनी दप्तर आणू नये, गावातल्या जाणत्या माणसांनी शाळेत येऊन संस्कृती शिकवावी. संस्कृती म्हणजे काय, हे आदेशात नव्हतं. कोसमडीहच्या लोकेश गुरुजींनी भैय्यालालच्या आईला बोलावलं. तिचं नाव मी सांगणार नाही. नवऱ्याचं नाव मी बिनदिक्कत घेते, शालिग्राम, हे घ्या. पण भोजलीचं नाव घेत नाहीत. राखीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. ती टोपलीत गव्हाचे पिवळे कोंब घेऊन आली होती, अंधारात वाढवलेले, केसांसारखे मऊ. मुलांना तिनं गाणी म्हणून दाखवली, कोंब तळ्यात कसे शिरवतात ते सांगितलं, आणि मग सांगितलं की हे कोंब दोघींनी एकमेकींच्या कानात खोचले की त्या भोजली होतात. मग जात आड येत नाही, घरं एक होतात, आणि मरेपर्यंत एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. मला ते फार आवडलं. व्हिडिओला छान, असं मनात आलं. म्हटलं, दोन मुलींना उभ्या करून दाखवा ना. ती म्हणाली, "नइ मैडम, येकर खेल नइ होवय." याचा खेळ होत नाही. मी काय ऐकणार? म्हटलं, मुलींचं राहू द्या, माझ्यासोबत दाखवा. लोकेश गुरुजी मोबाइल धरून उभे होते. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "तैं निभाबे?" तू निभावशील? मी म्हटलं, हव, हव. आणि माझी नजर होती मोबाइलवर, लाल टिंब लागलं की नाही ते बघत.

तिनं माझ्या कानावर कोंब खोचले तेव्हा तिची बोटं गालाला लागली; खरखरीत होती आणि त्यांना ओल्या मातीचा वास होता. मी तिच्या कानावर खोचले. मग म्हणायचं असतं, सीताराम भोजली. इथे माझी जीभ अडली. विहारात मुलांना बावीस प्रतिज्ञा मीच शिकवते. सगळी शाळा बघून राहिलेली, ती हात जोडून थांबलेली, आणि माझ्या तोंडून निघालं, "जय भीम भोजली." गुरुजींचा हात हलला. वाटलं, झालं, आता ही टोपली उचलून जाते. तिनं मान तिरपी करून शब्द नीट ऐकला, आणि नवीन भांडं वाजवून बघावं तसा तोंडात फिरवून म्हणाली, "जय भीम भोजली." मुलं हसली, तीही हसली. व्हिडिओ तिथे बंद झाला. त्याच्या पुढचं व्हिडिओत नाही. ती म्हणाली, आता एकमेकींच्या हातचं खायचं असतं. तिच्याजवळ काही नव्हतं, माझ्याजवळ डबा होता. पोळी आणि भरल्या वांग्याची भाजी. मी घास मोडायला लागले तर तिनं डबाच ओढून घेतला, पोळी तोडली, वांगं दाबून बघितलं, खाल्लं, आणि तिखट जास्त झालं म्हणाली. व्हिडिओ मी जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकला. साहेबांनी अंगठा दाखवला. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता.

तिच्या लेखी नव्हता. दर आठवड्याला लोकेश गुरुजींच्या गाडीला लावून पिशवी यायची, कधी कोचईची, म्हणजे अळूची पानं, कधी तिवऱ्याची भाजी, कधी नव्या धानाचे पोहे. गावचे लोक मॅडमला देतात तसंच हे, असं समजून मी घेत गेले, थँक्यू सांगा म्हणायची, आणि निम्मी भाजी वरच्या मजल्यावर वाटून टाकायची. ती आजारी होती हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. कशाला विचारीन? मॅडम कुठे विचारतात. आता ओट्याला टेकून उभी असताना तिची शेवटची हिरवी पिशवी फ्रिजमध्ये आहे हे मला आठवलं आणि फ्रिज उघडायची हिंमत होईना.

शालिग्राम रेल्वेतून रिटायर झाला तेव्हापासून विहार समितीवर जगतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. चष्मा काढला की तो भाषण देणार हे ठरलेलं. "तू जाऊन राहिली का?"

"मले माहीत नाही."

"पाणी देनं म्हणजे श्राद्धच झालं ना बाई. आपन नाही करत. तूच शिकवते पोट्ट्याईले."

"मी काहून मंत्र म्हणीन? ओंजळभर पाणी सोडायचं आहे फक्त."

"बरं, सोडलं. अन् मंग? जेवाले बसवतीन तुले पंगतीत?"

 यशदीप आमचा पोरगा, मराठी सगळी समजतो पण बोलेल तर शपथ. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मम्मी, वो तो स्कूल का प्रोग्राम था ना? आपने ग्रुप में डाला भी था." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, कारण तो माझंच बोलत होता. मी ताट वाढलं. वरण बिनफोडणीचं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं, तिसऱ्या दिवशीही. कशासाठी करते आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही. तेल तापवायला घेतलं की हात आपोआप थांबायचा. शालिग्राम पिवळं पाणी भुरकत जेवायचा. एकदा फक्त म्हणाला, "मीठ तरी टाक ना." मी ऑफिसला जायची, सह्या करायची, पंडरीच्या बाजारात जाऊन ब्लाउजचं कापडही आणलं, आणि सगळा वेळ डोक्यात एकच चाललेलं. शालिग्राम विचारत होता ते खरं होतं. पाणी सोडायला मला हरकत नव्हती. मला भीती होती त्यानंतरची. तिथे मी मॅडम असेन तर खुर्ची देतील, ठीक. पण मी भोजली म्हणून गेले आणि त्यांनी मला माझ्या आजीच्या जागी, पंगतीबाहेर वेगळं नेऊन बसवलं तर? तिच्या घरी. तिच्या अंगणात. तेवढं सोसायची माझी तयारी नव्हती, आणि न जाण्याचीही नव्हती.

शेवटी शालिग्रामनंच गाडी काढली. "सोडून देतो. आत येनार नाही, सांगून ठेवतो," म्हणाला. थंडी होती, शेतं कापून मोकळी पडलेली. शाळेच्या भिंतीजवळ तो गाडी लावून उभा राहिला आणि मी एकटी तळ्यावर गेले. बाया ओल्या लुगड्यांनी उभ्या होत्या. मी येताच त्यांनी बाजू दिली, अशी की मी नेहमीच तिथे येते. भैय्यालालचं डोकं आता सफाचट होतं, त्यामुळे तो आईसारखा दिसत होता. घरच्यांनी पाणी दिलं, मग भावकीनं, मग त्याचा काका, गावचा सियान म्हणजे वडीलधारा, म्हातारा ताठ माणूस, काठावरून म्हणाला, "अब भोजली." मी पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत बर्फ. ओंजळ भरली, आणि काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून तिला जे आवडलं होतं तेच हळू म्हटलं. शेजारी तिची नात उभी होती, पाचवीतली. तिनं ऐकलं. हजेरीत तिचं नाव वनमाला आहे, माझंच नाव. पाण्यातून वर येताना तिच्याकडून कळलं की आम्ही भोजली झालो त्या दिवसापासून आजीनं तिला नावानं हाक मारली नाही, घरात सगळे तिला रीना म्हणायला लागले. पोरगी ते अगदी सहज सांगत होती, पाऊल कुठे ठेवायचं ते दाखवता दाखवता. घरातल्या पोरीचं नाव माझ्यामुळे बदललं, इतके महिने, आणि मी इकडे पानं वाटून टाकत होते. तेव्हा मी रडले. तिथेच, पाण्यात उभी राहून, चांगली मोठ्यानं रडले, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

अंगणात पंगत बसली. मलाही ओळीतच बसवलं, शेवटी नाही, बायांच्या मधोमध, पुढे पत्रावळ. माझा जीव भांड्यात पडला. शालिग्रामला जाऊन सांगायचं वाक्यसुद्धा मी मनात तयार केलं. भैय्यालाल भाताची बादली घेऊन वाढत येत होता, वाफ निघत होती. माझ्यापाशी आला आणि न वाढता पुढच्या पत्रावळीवर गेला. वाटलं चुकून. मग काका आला. दोन्ही हातांत धरलेलं पान माझ्यासमोर ठेवलं, वाकून, अदबीनं: कोरडे तांदूळ, डाळ, दोन बटाटे, गुळाचा खडा, द्रोणात तूप. "मितानिन के मान ए," म्हणाला. मैत्रिणीचा मान. सीधा. शिजवायचं आपलं आपण, आपल्या घरी. जात वेगळी असली तरी भोजली होता येतं, पण त्यांच्या चुलीवरचं तिला आणि तिच्या हातचं त्यांना चालत नाही, ही त्याची दुसरी बाजू होती, आणि ती शाळेत मुलांना तिनं सांगितली नव्हती. मी त्या तांदळाकडे बघत राहिले. कोणी हसत नव्हतं, कोणी टोचत नव्हतं. बाया कौतुकानं बघत होत्या, मोठा मान मिळाला म्हणून. अपमान करायला आलेल्याला उत्तर देता येतं, मी रस्ताभर उत्तरं घोटून आणली होती. पण हा माणूस हात जोडून उभा होता. मी विचार न करता हिंदीत बोलून गेले, "कका, आपकी भौजी ने तो मेरे डिब्बे से खाया था. अपने हाथ से."

मी मोठ्यानं बोलले नव्हते. पण माझ्या बाजूची बाई चावायची थांबली, मग तिच्या पलीकडची, आणि ती शांतता ओळीनं सरकत गेली. बादलीतला झारा तिथेच थांबला. काकानं विचारलं, "का खाए रिहिस?" काय खाल्लं होतं? मी म्हटलं, रोटी, भाँटे का साग. मला तोवर वाटत होतं की मी माझी बाजू मांडते आहे. त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं की मी मेलेल्या बाईचं काहीतरी उघडं केलं होतं. समाजाला हे ठाऊक नव्हतं. जिच्या नावानं सगळे जेवायला बसले होते ती बाटली होती, आणि ते तिच्याच दसव्याला, तिच्याच भोजलीनं सांगितलं. काका सावकाश म्हणाला, "मैडम, हँसी करत होहू." चेष्टा करत असाल. आता तो मला मैडम म्हणत होता. दार त्यानं उघडं ठेवलं होतं: हो, गंमत केली, एवढं म्हटलं की पंगत पुढे चालली असती, भैय्यालालचं घर समाजात राहिलं असतं, त्याच्या पोरीचं लग्न झालं असतं, विहिरीवर, लग्नाकार्यात, मयतीला त्याच्याकडे माणसं आली असती. मी तांदूळ पदरात घेऊन निघून गेले असते. माझं काय जात होतं? मी भैय्यालालकडे पाहिलं. तो बादली धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मनात आलं, म्हण, बाई, गंमत केली म्हण, तुझ्या घरचं काही जळत नाही यात. तोंडही उघडलं. पण गंमत केली म्हटलं असतं, तर तिनं तिखट जास्त झालं म्हटलं तेही गंमतच झालं असतं, आणि मग ती माझी कोण होती? मी म्हटलं, "नहीं कका. खाया था."

"हव कका," भैय्यालाल म्हणाला. आवाज अगदी साधा. "हमन जानत रेहेन. दाई उही दिन बताय रिहिस."

त्यांना माहीत होतं. त्याच दिवशी तिनं घरी सांगितलं होतं. सगळं माहीत असून हा अनवाणी माझ्या दारात आला होता, आणि गप्प बसून मला पंगतीत बसवलं होतं, सीधा देऊन निभून जाईल म्हणून, आणि मी ते निभू दिलं नाही. काकानं आपल्या जागी जाऊन पत्रावळ उचलली नाही, दुमडली, अन्न आत ठेवून. "अब तैं जान, भैय्यालाल," आता तुझं तू बघ, एवढंच बोलला आणि अंगणाबाहेर पडला. त्याच्यामागे ओळ उठली. आरडाओरडा काही नाही. माणसं हात धुवायलासुद्धा थांबली नाहीत, बाया पोरांना दंडाला धरून ओढत नेत होत्या आणि पोरं मागे वळून भाताकडे बघत होती. माझ्याकडे कौतुकानं बघणारी बाई माझ्या लुगड्याला आपला पदर लागू नये म्हणून तो गोळा करून गेली. मी बसूनच होते.  अंगण केवढं मोठं आहे ते मला तेव्हा दिसलं. मागच्या बाजूला लोकेश गुरुजी खाली मान घालून जेवत होते, एक बहिरी म्हातारी जेवत होती, आणि रीना. माझ्या तोंडातून निघालं, माफ कर बाबू, मला कळलं नाही. ते मराठीत निघालं आणि त्याला कितपत समजलं कोण जाणे.

भैय्यालालची बायको आतून आली. तिनं माझ्यापुढचे तांदूळ उचलून डब्यात परत ओतले, बटाटे बाजूला ठेवले, आणि त्याच पानावर बादलीतला भात वाढला, भरपूर, खाली सांडेस्तोवर. "खा ले फूलदाई, जुड़ा जाही." खा, गार होईल. तिचे डोळे कोरडे होते; राग होता की आणखी काही, मला विचारता आलं नाही. तिनं रीनाला शाळेच्या भिंतीकडे पिटाळलं, तिथे एक माणूस उभा आहे त्याला बोलावून आण म्हणून. शालिग्राम आला तो भांडायच्या तयारीनं, आणि सोडून दिलेल्या पत्रावळींची ओळ बघून दारातच थबकला. मग चप्पल काढली आणि माझ्या शेजारी येऊन बसला.  माझ्या हातात घास होता आणि तो तोंडापर्यंत जात नव्हता. भैय्यालाल वरण घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "अब तुम्हारे घर कौन आएगा?" त्यानं मला वाढलं, शालिग्रामला वाढलं.

"तैं आबे," तू येशील, तो म्हणाला, आणि बादली उचलून म्हातारीकडे गेला.